स्पेकाठचा जुलैचा आठवडा: सॅमन, कमी पाणी आणि मोकळ्या दुपारी

स्कॉटलंडच्या स्पे नदीवर जुलैत सॅमनसाठी आठवडाभर जायचं तर एक गोष्ट घरातून निघतानाच डोक्यात पक्की करा: दिवसभर गळ टाकायचा नाही. सकाळी नऊला न्याहारी करून नदीवर उतरायचं, सहापर्यंत पाणी झोडपायचं आणि दमून परतायचं हा बेत फेब्रुवारी-मार्चच्या थंड, भरल्या पाण्याला चालून जातो. जुलैत पाणी कमी, निवळशंख आणि कोमट असतं. डोक्यावर ऊन असताना मासे डोहाच्या तळाशी खडकांमागे दगडासारखे पडून राहतात. तुमची फ्लाय, म्हणजे केस-पिसं बांधलेला गळ, पन्नास वेळा त्यांच्या डोळ्यांवरून गेली की एक्कावन्नाव्या वेळी ते तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि संध्याकाळी त्याच डोहावर येणाऱ्या माणसाचाही घात होतो. म्हणून पहाटे साडेतीन तास, रात्री तीन तास, आणि मधला अख्खा दिवस गावाचा, रानाचा, चुलीचा.

जुलैच्या मध्यावर ग्रँटाउन-ऑन-स्पेच्या आसपास सूर्य पावणेपाचला उगवतो आणि रात्री दहाच्या जरा आधी मावळतो. त्यानंतरही साडेदहा-अकरापर्यंत झाडांच्या कडा दिसतील एवढा उजेड राहतो. पहाटे साडेचार ते आठ आणि रात्री नऊ ते बारा, एवढं धरून चाला. दुपारी तासभर झोप हवीच. ती काढली नाही तर बुधवारपर्यंत रात्रीचा डाव सोडून द्यावासा वाटायला लागतो, आणि नेमका तोच डाव सोडण्यासारखा नसतो.

परवानगी, रविवार आणि नियम

स्कॉटलंडमध्ये सॅमन धरण्याचा हक्क ही खाजगी मालमत्ता आहे. इंग्लंडसारखा सरकारी दांडी-परवाना इथे लागत नाही (सीमेवरची बॉर्डर एस्क नदी हा अपवाद), पण त्या पाण्याच्या मालकाची लेखी परवानगी लागतेच. ती नसताना सॅमनसाठी गळ टाकणं हा फौजदारी गुन्हा आहे. नदीचे तुकडे पाडलेले असतात, त्याला बीट म्हणतात. जंगलखात्याच्या बीटाची कल्पना असेल तर तसंच समजा: इथून तिथपर्यंत, या काठाचं की दोन्ही काठांचं, आणि एका दिवशी किती दांड्या. डावा-उजवा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवतात. परवानगीच्या कागदावर ‘डावा काठ’ असेल आणि तुम्ही पाण्याच्या उलट्या दिशेला तोंड करून हिशोब केला, तर दुसऱ्याच्या पाण्यात उभे राहाल.

खाजगी बीट महाग, आणि चांगले आठवडे वर्षानुवर्षं तीच माणसं धरून बसलेली. नवख्याला सोयीचं म्हणजे गावच्या अँगलिंग असोसिएशनचं पाणी. ग्रँटाउनला स्ट्रॅथस्पे अँगलिंग इम्प्रूव्हमेंट असोसिएशन आहे, आठवड्याचं तिकीट मिळतं आणि खर्च कितीतरी कमी. पहिल्या दिवसापुरता एखादा गिली मिळाला तर जरूर घ्या. गिली म्हणजे नदीवरचा वाटाड्या, मूळ गेलिक शब्दाचा अर्थ ‘पोरगा’. हल्ली हे ‘पोरगे’ बहुधा साठीच्या पुढचे असतात आणि कुठल्या दगडाआड मासा पडतो ते त्यांना तोंडपाठ असतं.

स्पेचा हंगाम ११ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर. रविवारी सॅमन आणि सी-ट्राउट (समुद्रात जाऊन नदीत परतणारा ट्राउट मासा) धरणं सबंध स्कॉटलंडमध्ये बंद. म्हणजे शनिवारी रात्री बाराच्या ठोक्याला दोरी पाण्याबाहेर हवी. दांडीने धरलेला सॅमन विकणं २००२ पासून बेकायदा आहे. १ एप्रिलपूर्वी धरलेला प्रत्येक सॅमन सोडावाच लागतो, आणि त्यानंतर काय करायचं ते नदीच्या श्रेणीवर. २०१६ पासून नद्यांना १ ते ३ अशी श्रेणी लावतात आणि ती दर वर्षी तपासतात. तिसऱ्या श्रेणीच्या नदीत वर्षभर एकही मासा ठेवता येत नाही. कायद्याने ठेवता आला तरी सोडा, हा आमचा सल्ला. डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेने ग्रेट ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन ‘संकटग्रस्त’ यादीत टाकला, त्यानंतर या बाबतीत फारसा वाद उरत नाही.

दुसऱ्या देशातल्या नदीवर वापरलेलं सामान बरोबर असेल तर ते निर्जंतुक केल्याशिवाय पाण्यात उतरू नका. जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस नावाच्या बारीक परजीवीने नॉर्वेच्या काही नद्यांमधली सॅमनची पिल्लं जवळजवळ संपवली, आणि ब्रिटनमध्ये तो अजून शिरलेला नाही. वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार), बूट, जाळी, दोरी हे सगळं ३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे लिटरला ३० ग्रॅम मीठ, किमान १० मिनिटं बुडवून ठेवा. किंवा २० अंशांच्या वर तापमान असलेल्या जागी दोन दिवस खडखडीत वाळवा. बुटांचे फेल्टचे तळवे वरून कोरडे दिसले तरी आतून ओले असतात. चूक तिथेच होते.

सामान

उन्हाळ्याला १५ फुटी दांडी नको. साडेबारा ते साडेतेरा फुटांची दोन हातांची, ८ किंवा ९ नंबरच्या दोरीची दांडी पुरे. जोडीला १० फुटी, ७ नंबरची एका हाताची दांडी असली की अगदी कमी पाण्यात आणि रात्री सी-ट्राउटला उपयोगी पडते. रिळावर तरंगती दोरी आणि तिच्यामागे किमान १०० मीटर बॅकिंग, म्हणजे राखीव बारीक दोरी. पुढे ९ ते १२ फूट लीडर, म्हणजे दोरी आणि फ्लायमधला बारीक धागा, टोकाला १० ते १२ पौंडांचा नायलॉन. डोहाच्या तोंडाशी पाणी वेगात असेल तर दोरी आणि नायलॉनच्या मध्ये पाच फुटी, हळू बुडणारा पॉलिलीडर जोडा. फ्लाय पृष्ठभागावर रेघ ओढत घसरते ते थांबतं.

फ्लाय म्हणजे केस, पिसं आणि चकचकीत तार बांधलेला गळ. दुकानात शंभर प्रकार दिसतील. आठवड्याला पाच पुरतात: स्टोट्स टेल, सिल्व्हर स्टोट, ब्लू चार्म, मन्रो किलर, कॅस्केड. दुहेरी गळ, १० आणि १२ नंबरचे जास्त, ८ चे थोडे. पाणी चढून चहासारखं झालं तर कॅस्केडची इंचभर नळीवरची फ्लाय. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. त्यामुळे मासा सुटतो अशी तक्रार ऐकू येते. मासा सुटतो तो बहुतेक वेळा दोरी सैल सोडल्यामुळे.

काठी, स्वतः फुगणारं लाइफजॅकेट, पोलरॉइड चष्मा, गाठी नसलेल्या जाळीची मोठी हातजाळी, लांब चिमटा, आणि एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून. या शेवटच्या वस्तूला लोक हसतात. तिच्याशिवाय उन्हाळ्यात सॅमनवर जाऊ नये.

पाणी पाहून बेत ठरवा

पहाटे उतरण्याआधी थर्मामीटर वाहत्या पाण्यात, सावलीत, दोन मिनिटं धरा. १५-१६ अंशांपर्यंत निर्धास्त. १८ च्या पुढे गेलं की मासा खेळवायचा वेळ कमी ठेवा. २० ला दांडी बांधून ठेवायची. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. झुंजीत दमलेला मासा तुमच्या हातातून नीट पोहत जातो आणि दोन तासांनी खालच्या डोहात मरतो, तुम्हाला कळतही नाही. संध्याकाळी हवा गार झाली म्हणून पाणी लगेच गार होत नाही. दिवसभर तापलेली नदी रात्री नऊलाही दुपारइतकीच कोमट असू शकते, आणि सगळ्यात थंड असते ती सूर्योदयाच्या सुमारास. म्हणून लागोपाठच्या उन्हात पहाट धरा, रात्र सोडा.

पातळी पाहायला पर्यावरण संस्था ‘सेपा’चे आकडे रोज जालावर मिळतात. त्याच्या जोडीला आपला एक दगडही ठरवून ठेवा. पाण्याच्या कडेला अर्धा बुडलेला एखादा खडक, रोज त्याच्याकडे पाहायचं. पाऊस पडून पाणी चढत असताना सॅमन वरच्या दिशेने प्रवास करत असतो, फ्लाय घेत नाही. पानं, काड्या, फेस वाहून येतोय म्हणजे अजून चढतंय. चढ थांबून पाणी इंच-दोन इंच उतरलं, फेस विरला आणि गुडघाभर पाण्यात बुटाचं टोक दिसायला लागलं, की हातातलं काम टाकून नदीवर जा. भर दुपार असली तरी जा. आठवड्यात असे सहा-आठ तास आले तर सगळा बेत त्यांच्याभोवती फिरवायचा.

सॅमन गोड्या पाण्यात आला की खात नाही, ही नवख्यांना न पटणारी गोष्ट. तो भुकेपोटी गळ घेत नाही. चिडून, सवयीने की कुतूहलाने, यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडताहेत. तुमच्या कामाचं एवढंच की त्याला खायला घालायचं नसून डिवचायचं आहे, आणि ताजा आलेला मासा मुरलेल्या माशापेक्षा लवकर डिवचला जातो. जुलैत वर येणारे बरेचसे ग्रिल्स असतात, समुद्रात एकच हिवाळा काढून परतलेले, दोन-तीन किलोचे, चांदीसारखे लखलखीत.

डोह उतरणं

शनिवारी दुपारी घराचा ताबा मिळतो, रविवारी मासेमारी बंद. तो रविवार वाया गेला असं समजू नका. बूट घालून कोरड्या पायांनी आपलं पाणी वरून खालपर्यंत चालून या. डोहाचं तोंड कुठे, पोट कुठे, शेपूट कुठे; आत कुठून उतरायचं आणि बाहेर कुठून निघायचं. सगळ्यात महत्त्वाचं हे शेवटचं. स्पेचा ओढा जबर, तळाला गोल, शेवाळलेले धोंडे आणि दर पुरानंतर जागा बदलणारी वाळूखडी. खडीच्या जिभेवरून प्रवाहाबरोबर खाली चालत जाणं सोपं असतं. पुढे पाणी खोल होतं, आणि उलटं चालून परतायला ताकद पुरत नाही. मांडीच्या वर पाणी येऊ देऊ नका. एका वेळी एकच गोष्ट हलवा: काठी, मग एक पाय, मग दुसरा. पडलातच तर उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, आणि हातांनी वल्हवत तिरके काठाकडे या. उभं राहायची घाई केली की पाय धोंड्यात अडकतो.

फेक शिकल्याशिवाय इथे निभाव नाही. काठावर मागे झाडं आणि चढ असल्यामुळे दोरी मागे भिरकावायला जागा नसते. त्या अडचणीतूनच याच नदीवर स्पे कास्ट जन्मली आणि जगभर याच नावाने गेली. दोरी मागे न सोडता बाजूला पाण्यावर टेकवायची, तिचा मागे फुगा करायचा आणि तो पुढे लोटायचा. वाऱ्याचा नियम एकच लक्षात ठेवा: वारा ज्या बाजूला वाहतोय त्याच बाजूला दोरी टेकवायची. वारा नदीच्या वरच्या दिशेला वाहत असेल तर वरच्या खांद्याशी, म्हणजे सिंगल स्पे. खालच्या दिशेला वाहत असेल तर खालच्या खांद्याशी, म्हणजे डबल स्पे. उलटं केलंत तर गळ वाऱ्याबरोबर तुमच्या मानेकडे येतो. चष्मा आणि टोपी रात्रीसुद्धा काढायची नाही ती याचसाठी. फेकीचा सराव रविवारी नदीत करू नका, नसत्या शंका येतात. गवतावर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून करा.

आता प्रत्यक्ष. डोहाच्या तोंडाशी, काठापासून दूर उभं राहून आधी आखूड फेक. पहाटे मासे बरेचदा काठाजवळच्या दीड-दोन फूट पाण्यात असतात, आणि घाईने मांडीभर पाण्यात शिरणारा माणूस त्यांच्याच अंगावर पाय देतो. मग फेकीमागे हातभर दोरी वाढवत जा. नेमकी लांबी जमली की ती पक्की करा आणि यापुढे लांबी वाढवायची नाही, आपण पुढे सरकायचं. फेक प्रवाहाला तिरकी, खालच्या बाजूला साधारण ४५ अंशांवर. पाणी वेगवान असेल तर आणखी खाली, संथ असेल तर जास्त आडवी. दोरी पडली की मधल्या धारेत तिचा पोटाळा होतो आणि फ्लाय त्याच्यामागे चाबकासारखी ओढली जाते. ते टाळायला दांडीने दोरी उचलून वरच्या बाजूला पलटवा. फ्लाय माणसाच्या चालीच्या वेगाने डोह ओलांडत आली पाहिजे. ती सरळ तुमच्या खाली येऊन थांबली की तिथे पाच-सात सेकंद तशीच लोंबू द्या, दोन-तीन वेळा दोरी हळू खेचा, उचला, दोन पावलं पुढे, पुन्हा फेक. डोह संपेपर्यंत हेच. दोन पावलांची सहा पावलं केलीत तर मासे राहून जातात. सरकलातच नाही, तर मागच्याची पंचाईत होते. आणि कोणी डोह उतरत असेल तर त्याच्या पुढे, म्हणजे खाली, पाण्यात शिरणं ही नदीवरची सगळ्यात मोठी असभ्यता. विचारा, वर जा, त्याच्या मागून उतरा.

मासा नुसता वळला, पाण्यावर फुगवटा आला, पण ओढ लागली नाही, तर पाऊल हलवू नका. तीच फेक, तीच लांबी, एकदा. नाही आला तर पाच मिनिटं काठावर बसा. एक नंबर बारीक फ्लाय बांधा, दहा पावलं वर जाऊन पुन्हा उतरत त्या जागी या. निम्मे मासे या दुसऱ्या भेटीला येतात असं नाही, पण पाणी बदडत राहण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

ओढ लागली की

काही करू नका. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. ट्राउटला झटका देण्याची सवय असलेल्या हातातून पहिले दोन-तीन सॅमन याच कारणाने जातात. सॅमन फ्लाय तोंडात घेऊन वळतो, आणि वळताना गळ जबड्याच्या कोपऱ्यात सरकतो. तो वळण्याआधी दांडी उचललीत तर फ्लाय उघड्या तोंडातून पुढे निघून येते. आधी एक टोचणी, मग एक जड, सावकाश ओढ, मग रीळ फिरायला लागतं. तेव्हा, दोरी ताणलेली आणि वजन पक्कं जाणवत असताना, दांडी शांतपणे वर. जुने लोक दांडी उचलण्याआधी मनातल्या मनात ‘गॉड सेव्ह द किंग’ म्हणायला सांगतात. अंतर तेवढंच. रिळाचा ब्रेक हलका ठेवा, हाताने धरून दोरी ओढता येईल इतपत.

मग पाण्याबाहेर काठावर या आणि माशाच्या समोर किंवा त्याच्या खालच्या बाजूला राहा. तुम्ही वर आणि मासा खाली, म्हणजे तो प्रवाहाचं वजनही तुमच्याविरुद्ध वापरतो. उडी मारली की दांडीचं टोक खाली करा, ताणलेल्या दोरीवर तो आपटला तर ती तुटते. दांडी सरळ उभी धरून ठेवण्याऐवजी मधून मधून आडवी झुकवा, त्याचा तोल जातो आणि तो लवकर दमतो. पौंडाला एक मिनिट हा जुना ठोकताळा, कोमट पाण्यात त्याहून कमी. ब्रिटनमधला दांडीने धरलेला विक्रमी सॅमन ६४ पौंडांचा आहे, जॉर्जिना बॅलंटाइन यांनी ७ ऑक्टोबर १९२२ ला टे नदीत धरलेला, आणि त्याला दोन तास लागले. तुमच्या सहा पौंडी ग्रिल्सला वीस मिनिटं लागत असतील तर तुम्ही त्याचे लाड करताय.

जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा तिच्यावर आणा. जाळी घेऊन त्याच्यामागे धावू नका. खडीवर ओढून आणणं तर नकोच: खवले निघतात आणि त्या जागी बुरशी धरते. मासा जाळीत पाण्यातच राहू द्या. हात ओले करा. चिमट्याने गळाची दांडी धरून आला तसा उलटा काढा. खोल गेला असेल तर नायलॉन कापून सोडा. वजनकाटा नको. लांबी मोजायची तर दांडीवर आधीच खूण करून ठेवा. फोटो हवा असेल तर दुसऱ्याने तयार राहावं, मासा पाण्याच्या रेषेवर दोन-तीन सेकंद, बस्स. कल्ल्यात बोट घालू नका, शेपटीला धरून उलटा लटकवू नका.

सोडताना एका हाताने शेपटीचं मनगट, दुसरा हात पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. मध्यम वाहत्या पाण्यात: साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि जोराच्या धारेत तो उभा राहू शकत नाही. पुढे-मागे ढकलायची गरज नाही, कल्ले आपोआप उघडझाप करतात. आधी तो हातात निपचित असतो. मग शेपटीच्या मुळाशी एक ताठरपणा येतो, पाठीचा कणा हळूच सळसळतो, आणि मग तो स्वतः हिसका मारतो. त्या हिसक्याआधी सोडायचा नाही. कधी एका मिनिटात होतं, कधी पाच लागतात, आणि तोवर बोटं गारठून गेलेली असतात.

एक सावधगिरी. २०१७ पासून विषम सालांत पॅसिफिकचा गुलाबी सॅमन स्कॉटलंडच्या नद्यांत शिरतो. शेपटीवर मोठे, लांबट काळे ठिपके दिसले तर तोच. हा परका पाहुणा परत सोडायचा नाही, नदी-मंडळाला कळवायचं.

रात्रीचा सी-ट्राउट

पाणी फारच ओसरलं तर सॅमनचा नाद सोडून रात्री सी-ट्राउटकडे वळा. ग्रँटाउनच्या आसपासचं पाणी यासाठी नावाजलेलं आहे. डोह दिवसा पाहून ठेवलेला हवा, आणि काठावरच्या झाडांचा रंग डोळ्यांना कळेनासा झाल्याशिवाय सुरुवात करायची नाही. आधी उतरलात तर मासे बिचकतात आणि पुढची रात्र वाया. तिथवर गप्प बसणं हेच अवघड. विजेरी पाण्याकडे कधीही लावू नका, गाठ बांधायला पाठ फिरवून लाल दिवा. हातात आलेला मासा सॅमन की सी-ट्राउट हे ओळखायला शेपूट पाहा: सॅमनची किंचित खाचेची आणि मुळाशी बारीक, मुठीत घट्ट बसते, सी-ट्राउटची सरळ आणि जाड, मुठीतून निसटते. सी-ट्राउटचा वरचा जबडा डोळ्याच्या मागपर्यंत जातो.

चिलटं, गोचिड्या आणि दुपार

हायलँडच्या उन्हाळ्यातली खरी डोकेदुखी म्हणजे मिज, तिथली चिलटं. वारा पडला, ढगाळलं, संध्याकाळ झाली की ढगच्या ढग. वारा ताशी १०-११ किलोमीटरच्या वर गेला की ती उडू शकत नाहीत, म्हणून मोकळ्या खडीवर उभं राहा, झुडपाच्या आडोशाला नको. फिकट कपडे, डोक्याला बारीक जाळी, अंगाला पिकारिडिनचं मलम. डीट असलेलं मलम हातावर घेऊ नका: दोरीचं आवरण आणि चष्म्याची चौकट विरघळवतं.

गोचिड्या गवतातून येतात. रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली तपासा. बारीक चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ वर ओढा. तेल, मीठ, काडीचा चटका असले उपाय करू नका. पुढच्या महिनाभरात चाव्याभोवती लाल कडं पसरत गेलं तर डॉक्टर गाठा, लाइम रोगाची ती खूण असते.

दुपारसाठी जवळच ॲबरनेथीचं पाइनचं रान आहे. जुलैत जमिनीलगत ब्लेबेरीची झुडपं पिकतात, बोटं जांभळी होईपर्यंत खा. लॉक गार्टनला पक्षी-संस्थेच्या निरीक्षणघरातून ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी दिसतो. बोट ऑफ गार्टन या गावाहून वाफेच्या इंजिनाची गाडी एव्हीमोरला जाते. एक दिवस नदीबरोबर मुखापर्यंत जा, गाडीने सव्वा तास. वाटेत क्रेगेलाखीला टॉमस टेलफर्डचा १८१४ चा ओतीव लोखंडाचा पूल. १८२९ च्या महापुरात आजूबाजूचे पूल वाहून गेले, हा टिकला. स्पे बेला टगनेटचं बर्फघर आहे, १८३० चं, सॅमन लंडनला धाडण्यासाठी बर्फ साठवायचे ते. त्याच्यासमोर मोरे फर्थ या खाडीतले डॉल्फिन भरतीला नदीत शिरणाऱ्या सॅमनवर टपून असतात. तुम्ही वर ज्याची वाट पाहताय तो कुठून निघाला, हे तिथे उभं राहिलं की कळतं. वाटेवर डिस्टिलऱ्या भरपूर, पण स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून गाडी चालवण्याची मद्यमर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, इंग्लंडहून कडक. चालवणाऱ्याला त्याचा वाटा बाटलीत बांधून मिळतो, तो घ्या.

मासे सोडायचे, मग खायचं काय? मोरे किनाऱ्यावरच्या कलन गावचं कलन स्किंक, म्हणजे धुरवलेल्या माशाचं दाट सूप. चौघांना अर्धा किलो धुरवलेला हॅडक मासा, पिवळा रंग न लावलेला घ्या. ६०० मिली दुधात मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजवून बाहेर काढा, दूध ठेवा. पातेल्यात २५ ग्रॅम लोणी, एक बारीक चिरलेला कांदा, लाल होऊ न देता मऊ करा. अर्धा किलो बटाट्याच्या फोडी आणि ३०० मिली पाणी घालून शिजवा. थोडे बटाटे तिथेच ठेचा, दाटपणा त्यातूनच येतो. मग ते दूध आणि काटे काढलेला मासा. दूध घातल्यावर उकळी आली तर फाटतं. मीठ अगदी शेवटी, चाखून, कारण मासा मुळात खारट असतो. पातेलं झाकून ठेवलं तर रात्री बारानंतर नदीवरून परतल्यावर दुसऱ्यांदा उपयोगी येतं.

निघताना

मासेमारीचा आठवडा सोमवार ते शनिवार आणि घराचा शनिवार ते शनिवार, त्यामुळे शेवटच्या दिवशी दहाला घर रिकामं करून मग नदी की सरळ रस्ता हे आधीच ठरवा. शुक्रवारी रात्रीच बांधाबांध करा, म्हणजे शनिवारची पहाट मोकळी. वेडर उलटे करून टांगा. दोरी रिळावरून सैल काढून, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा गुंडाळा. दांडीचे सांधे ओढून सुटत नसतील तर पक्कड लावू नका. सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोघांनी एकेक हात धरून एकाच वेळी सरळ ओढा. आणि फ्लायचा डबा घरी पोचेपर्यंत उघडा ठेवा, बंद डब्यात दुहेरी गळ चार दिवसांत गंजतात.